उन्हात विरणारं प्लास्टिक आणि पाण्यातले जीव : वाचकांचे प्रश्न

गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या काळ्या का असतात, या प्रश्नाला गेल्या अंकात उत्तर देताना मी लिहिलं होतं की ऊन प्लास्टिकला म्हातारं करतं आणि टाकीत मिसळलेली काजळी ते ऊन आत शिरू देत नाही. त्यावर आलेल्या पत्रांत टाकीविषयी फारसं काही नाही. बंदर, खाडी, शेततळं, मासे, कालवं यांच्याविषयीच विचारणा जास्त आहे. मला त्याचं फार बरं वाटलं. माझी सगळी नोकरी मुंबईत एका प्रयोगशाळेत प्लास्टिकच्या पट्ट्यांना दिव्याचं ऊन देण्यात आणि मग त्या यंत्रात ताणून तोडण्यात गेली. माल पाठवणाऱ्यांना एवढंच हवं असायचं की तो किती वर्षं टिकेल. तुटल्यावर त्याचं पुढे काय होतं, हे विचारायला कधी कुणी आलं नाही. तुम्ही विचारताय, म्हणून या वेळची सगळी जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : ताई, आमची हर्णै बंदरात होडी आहे. जुने दोर, फाटकी जाळी वर काठावर टाकलेली असतात. दोन-तीन उन्हाळे गेले की दोराला हात लावला तरी भुगा पडतो. वडील म्हणतात, ऊनच खाऊन टाकतं त्याला, दर्याला काय त्रास व्हायचाय? हे खरं का?

उत्तर : दोर दिसेनासा होतो, इथपर्यंत वडिलांचं निरीक्षण बरोबर आहे. ऊन त्याला खाऊन टाकतं, हे मात्र खरं नाही. ऊन त्याचे तुकडे करतं. ते तुकडे कुठे जातात, हे तुमच्या बंदरात उधाणाच्या दिवशी उभं राहिलं की दिसतं.

होडीवरचे पिवळे, निळे, हिरवे दोर बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे असतात. या पदार्थाचे रेणू म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. प्रत्येक साखळीत एकाआड एक कार्बनवर एक फांदी असते आणि त्या फांदीच्या बुडाशी असलेला हायड्रोजन सैल धरलेला असतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो सुटला की हवेतला ऑक्सिजन त्या जागी घुसतो, आणि मग साखळी तिथेच तुटते. एक तुटली की तिच्यातून निघालेले अस्थिर तुकडे शेजारच्या साखळीवर जातात. चांगल्या दोरात हे थांबवायला औषध घातलेलं असतं, पण ते उन्हात खर्ची पडत जातं. ते संपलं की पुढची घसरण फार वेगाने होते. प्रयोगशाळेत हे आम्हाला नेहमी दिसायचं. आठवड्यामागून आठवडे पट्टी तशीच्या तशी असायची, यंत्रात घातली की आपल्या लांबीच्या कितीतरी पट ताणली जायची. आणि मग एखाद्या आठवड्यात तीच पट्टी जबड्यात धरली की पापडासारखी कट्कन मोडायची. भिंगाखाली पाहिलं तर वरच्या थरावर बारीक चिरांचं जाळं दिसायचं. आतला भाग अजून बरा असायचा. म्हणजे प्लास्टिक वरून आत, थराथराने विरत जातं आणि प्रत्येक थर भुग्याच्या रूपाने गळून पडतो.

नुसतं ऊन मात्र पुरत नाही, घासणंही लागतं. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक साधा, पण मला फार आवडलेला प्रयोग प्रसिद्ध केला. प्लास्टिकचे मणी घ्यायचे, काहींना वर्षभर अतिनील दिव्याखाली ठेवायचं, काहींना नाही, आणि मग सगळे वाळूबरोबर दोन महिने घुसळायचे. ऊन न लागलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या एका मण्यातून दहा-अकरा कण निघाले. वर्षभर ऊन खाल्लेल्या मण्यातून सहा हजारांवर. पॉलिइथिलीनच्या मण्यातून तेवढ्याच उन्हानंतर वीसच्या आसपास. थर्माकोलला तर उन्हाची गरजही लागली नाही, तो नुसत्या वाळूनेच हजारो कण सोडत होता. तुमच्या बोयांमध्ये थर्माकोल असेल तर हे ध्यानात घ्या.

हे मोजता येण्याजोगे कण झाले. त्याहून खालची पातळीही आहे. जर्मनीत फ्रँकफर्टच्या दोन संशोधकांनी कॉफीच्या कपाचं झाकण, पॉलिस्टायरीनचं, पाण्यात ठेवून ५६ दिवस अतिनील प्रकाशाखाली ठेवलं. शेवटी दर मिलीलिटर पाण्यात सुमारे १२.६ कोटी कण होते, सरासरी आकार २२४ नॅनोमीटर (मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर). प्लास्टिक न घातलेल्या पाण्यात हाच आकडा ४.१ कोटी होता. एवढे बारीक कण साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत, गाळणीत अडकत नाहीत आणि समुद्रात जाळं टाकून मोजताही येत नाहीत. जीवांच्या दृष्टीने मला सगळ्यात जास्त काळजी याच आकाराची वाटते. स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठात शेवाळ, शेवाळ खाणारा पाणपिसू (डॅफ्निया नावाचा बारीक जीव) आणि पाणपिसू खाणारा मासा अशा साखळीतून नॅनो कण दिले, तर ते माशाच्या मेंदूपर्यंत पोचले आणि माशाचं खाणं, पोहणं बदललं. ते २०१७ चं काम आहे.

आता तुमच्या बंदराकडे येते. पाण्यात तरंगणारा दोर काठावरच्या दोरापेक्षा हळू विरतो. पाणी त्याला गार ठेवतं, शेवाळ आणि शिंपले त्याच्यावर बसून ऊन अडवतात, आणि आपलं खाडीचं गढूळ पाणी अतिनील किरणांना फार खोल जाऊच देत नाही. काठावरच्या वाळूत मात्र ऊन, तापलेली वाळू आणि मुबलक हवा अशा तिन्ही गोष्टी एकत्र येतात. म्हणजे आपला मार्च ते मे हा प्लास्टिक कुरकुरीत व्हायचा काळ, आणि जूनमधलं पहिलं उधाण हा तो भुगा उचलून नेण्याचा काळ. १ जूनला मासेमारी बंद होऊन होड्या वर येतात, तेव्हा सगळे जण बंदरावर असतात. पण तेव्हा उशीर झालेला असतो. काठावरचा जुना माल एप्रिलमध्ये, दोर अजून दोर असतानाच उचलायला हवा. भुगा झाल्यावर तो कुणालाच वेचता येत नाही. तुमच्या सोसायटीच्या बैठकीत एवढा एक विषय मांडा, ही माझी कळकळीची विनंती.

प्रश्न : मी पुण्यात एम.एस्सी. करते. उन्हाने प्लास्टिकमधून रसायनं पाण्यात उतरतात आणि माशांना अपाय होतो, असं सर्रास लिहिलं जातं. पुरावा किती पक्का आहे? माशांच्या पिल्लांना प्लास्टिक खाद्यापेक्षा जास्त आवडतं असंही वाचलं. ते खरं आहे का?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तो लवकर निकालात निघतो. ते संशोधन २०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलं होतं, स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या दोघांचं. बाल्टिक समुद्रातल्या पर्च माशाची पिल्लं प्लास्टिकच पसंत करतात, असा दावा होता. प्रयोग सांगितला तसा झालाच नसल्याच्या तक्रारी झाल्या, चौकशी झाली, आणि २०१७ मध्ये ते मागे घेण्यात आलं. मराठी वर्तमानपत्रांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून ते वाक्य अजून फिरतंय. तुमच्या प्रबंधात ते येऊ देऊ नका. वासाबद्दल मात्र दुसरं, व्यवस्थित झालेलं काम आहे : समुद्रात राहून शेवाळ चढलेल्या प्लास्टिकच्या वासाला अँकोव्ही मासे खाद्याच्या वासासारखा प्रतिसाद देतात, कोऱ्या प्लास्टिकच्या वासाला देत नाहीत. कॅलिफोर्नियातलं हे काम २०१७ चं आहे आणि ते टिकून आहे.

आता मुख्य प्रश्न. यात दोन गोष्टी वेगळ्या करा. ऊन लागल्यावर प्लास्टिकमधून रसायनं पाण्यात उतरतात, हे पक्कं आहे. स्टॉकहोमच्या गटाने २०१८ मध्ये नेहमीची प्लास्टिकं पाण्यात ठेवून अतिनील प्रकाश दिला आणि पाण्यात काय आलं ते ओळखलं. बहुतेक डायकार्बॉक्सिलिक आम्लं, म्हणजे साखळ्यांचे दोन्ही टोकांनी ऑक्सिडीकृत झालेले, ऑक्सिजन चिकटलेले आखूड तुकडे. अमेरिकेत वुड्स होल या समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दुकानांतल्या साध्या पिशव्या आणि काहीही न मिसळलेलं शुद्ध पॉलिइथिलीन यांची तुलना केली. उन्हात ठेवल्यावर पिशव्यांमधून हजारोंच्या संख्येने वेगवेगळी संयुगं पाण्यात आली, आणि प्रत्येक दुकानाच्या पिशवीची यादी वेगळी निघाली. कारण पिशवी म्हणजे नुसतं पॉलिइथिलीन नसतं. रंग, खडूची भुकटी, मऊपणा आणणारे पदार्थ, उन्हापासून वाचवणारे पदार्थ अशी सगळी भर तिच्यात असते, आणि ऊन त्या प्रत्येकावर काम करतं.

ही संयुगं जीवांना अपायकारक आहेत का, हे पदार्थागणिक वेगळं आहे. काही तर जिवाणूंचं खाद्य होतात. प्लास्टिकमधून सुटलेल्या विद्राव्य कार्बनवर समुद्री जिवाणू वाढतात, हे २०१८ मध्ये दाखवलं गेलंय. दुसऱ्या टोकाला टायरचं उदाहरण आहे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, प्युजेट साउंडला मिळणाऱ्या ओढ्यांत, पावसाची पहिली सर आली की कोहो सामन मासे अंडी घालण्यापूर्वीच मरायचे. वर्षानुवर्षं कारण सापडत नव्हतं. २०२० च्या डिसेंबरात ते जाहीर झालं : टायरच्या रबरात घातलेलं ६पीपीडी नावाचं रसायन हवेतल्या ओझोनशी संयोग पावून ६पीपीडी-क्विनोन बनतं, आणि सामनचा जीव ते घेतं. इथे बदल घडवणारा ओझोन आहे, ऊन नाही. पण आपल्या विषयाला ते थेट लागू पडतं. कारखान्यातून निघालेला पदार्थ तपासून सोडून द्यायचं आणि हवेत, उन्हात त्याचं जे होतं ते तपासायचं नाही, अशी जगभरची रीत आहे. मी त्याच रीतीत नोकरी केली, त्यामुळे ती मला जवळून माहीत आहे. आमच्या तक्त्यात ताकद, लांबी, रंग, चमक यांचे रकाने असायचे. ज्या पाण्याचा फवारा आम्ही नमुन्यावर मारायचो, ते पाणी नळीतून गटारात जायचं. त्यात काय उतरलं, याचा रकानाच नव्हता.

खाल्लेल्या कणांबद्दल दोन प्रयोग सांगते, मुळातून वाचा. पहिला २०१३ चा, कॅलिफोर्नियातला. पॉलिइथिलीनचे मणी सॅन डिएगोच्या उपसागरात तीन महिने टांगून ठेवले, म्हणजे ऊन, पाणी, शहराची घाण सगळं त्यांना लागलं. मग ते दळून मेडाका या छोट्या जपानी माशाच्या खाद्यात १० टक्के मिसळले. दुसऱ्या गटाला कोऱ्या मण्यांची भुकटी दिली, तिसऱ्याला नुसतं खाद्य. दोन महिन्यांनी यकृतं तपासली. साठवलेला ग्लायकोजेन (शरीराचा साखरेचा साठा) कमी झालेला, पेशींमध्ये चरबीचे थेंब, काही पेशी मेलेल्या. कोरं प्लास्टिक खाल्लेल्या माशांतही त्रास होता, समुद्रात राहिलेलं खाल्लेल्यांत जास्त होता. दुसरा प्रयोग फ्रान्समधला, २०१६ चा. पॅसिफिक ऑइस्टर, म्हणजे आपल्या कालवांचा भाऊबंद, दोन महिने पॉलिस्टायरीनच्या सूक्ष्म मण्यांत ठेवला. मादीची अंडी ३८ टक्क्यांनी कमी झाली, नराच्या शुक्रपेशींचा वेग २३ टक्क्यांनी उतरला.

पण नीट बघा : ते मणी कारखान्यातून आलेले, गोल, गुळगुळीत, ऊन न पाहिलेले होते. तुमच्या क्षेत्रातले कितीतरी प्रयोग अशाच मण्यांवर झालेत, कारण ते विकत मिळतात आणि सगळे एका मापाचे असतात. मुळा-मुठेत किंवा दाभोळच्या खाडीत असा मणी शोधून सापडायचा नाही. तिथे असतो तो चिरा पडलेला, वाकडातिकडा, वरचा थर ऑक्सिडीकृत झालेला तुकडा. त्याचा पृष्ठभाग जास्त असतो, धातूंचे आयन तो जास्त धरून ठेवतो, त्याच्यावर जिवाणूही वेगळे बसतात. उन्हात जुनं झालेलं प्लास्टिक आणि कोरं प्लास्टिक हे रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थ आहेत, हे माझं ठाम मत आहे. तुम्ही प्रबंधासाठी प्रयोग करणार असाल तर नमुना विकत आणू नका. किनाऱ्यावरून उचला, इन्फ्रारेड वर्णपटात त्याचं कार्बोनिल शिखर, म्हणजे साखळीला चिकटलेल्या ऑक्सिजनची खूण, मोजा (दर सेंटिमीटरला १७१५ लहरींच्या आसपास दिसेल), म्हणजे तो उन्हाने किती खराब झालाय हे आकड्यात कळेल, आणि मग तो पाणपिसूंना किंवा झेब्राफिशला द्या. तेवढंच पॉलिमर कोऱ्या रूपात शेजारी ठेवा. या कामाची फार गरज आहे.

प्रश्न : सांगोल्याजवळ आमची डाळिंबाची बाग आहे. शेततळ्याला कागद अंथरलाय, त्यात रोहू, कटला आणि सायप्रिनस सोडलेत. काठावरचा कागद उन्हाने तडकायला लागलाय. तुकडे पाण्यात पडतात. माशांना काही होईल का? आणि ते आम्ही खावेत का?

उत्तर : तुमच्या तळ्यातला कागद ५०० मायक्रॉनचा, काळा, हाय डेन्सिटी पॉलिइथिलीनचा असणार. त्यात दोन-अडीच टक्के काजळी मिसळलेली असते. उन्हापासून वाचवायला वापरल्या जाणाऱ्या सगळ्या पदार्थांत काजळी मला सगळ्यात भरवशाची वाटते. ती प्रकाश शोषून घेते, सहसा पाण्यात उतरत नाही. याउलट, उन्हापासून वाचवण्यासाठीच प्लास्टिकमध्ये घातलं जाणारं यूव्ही-३२८ हे रसायन जीवांच्या शरीरात साठतं असं दिसल्यावर २०२३ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या विषांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, बंदी यादीत गेलं. तेव्हा काळा कागद निवडलात ते उत्तम.

पाण्याखालचा कागद बरीच वर्षं धड राहतो. खरा प्रश्न पाण्याची पातळी आणि बांध यांच्यामधल्या पट्ट्याचा आहे. एप्रिलमध्ये तळं खाली गेलं की हा पट्टा रुंद होतो आणि हात टेकवत नाही इतका तापतो. आधी घडीवर, मग जोडावर चिरा जातात. पॉलिइथिलीन पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे पडलेला तुकडा आधी तरंगतो. वरच्या थरात खाणारा कटला त्याच्या वाटेत येतो. पुढे शेवाळ चढून तुकडा जड झाला की तळाशी जातो, आणि तळ उकरणारा सायप्रिनस तिथे असतोच.

तुम्ही लिहिलेल्या आकाराचे, नखाएवढे तुकडे मासा बहुधा तोंडातून परत टाकेल. त्याहून बारीक झाल्यावर ते पोटात जाणार. म्हणून ते नखाएवढे असतानाच जाळीने काढा. तडकलेला पट्टा कापून त्याच कागदाची नवी पट्टी जोडून घ्या, आणि काठ झाका.

झाकताना एक कळकळीने सांगते. बहुतेक जण खताच्या नाहीतर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून त्या काठावर लावतात. त्या गोण्या पॉलिप्रॉपिलीनच्या विणलेल्या पट्ट्यांच्या असतात, बहुतेकींत उन्हासाठी फारसं काही घातलेलं नसतं, कारण त्या गोदामातून शेतावर पोचण्यापुरत्या बनवलेल्या असतात. आपल्याकडच्या उन्हात त्यांचे पांढरे धागे धागे होतात, वाऱ्याबरोबर बांधभर उडतात आणि थेट तळ्यात पडतात. कागद वाचवायला गेलात आणि त्याच्या कितीतरी पट भुगा तळ्यात घातलात, असं होतं. निळी-पिवळी ताडपत्री लावली तरी तेच. तागाचं गोणपाट वापरा. ते कुजेल, दरवर्षी बदलावं लागेल, पण कुजलेला ताग माशांना बाधत नाही.

मासे खायला हरकत नाही. रोहू-कटल्याची आतडी आपण काढूनच टाकतो, आणि हे कण प्रामुख्याने तिथेच असतात. जुना कागद बदलाल तेव्हा तो बांधावर गुंडाळून ठेवू नका आणि जाळूही नका. भंगारवाला काळा एचडी घेतो.

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची, सध्या तिरुवनंतपुरमला असते. २०२५ मध्ये जहाज बुडालं तेव्हा इथल्या किनाऱ्यावर पांढऱ्या मण्यांचा खच पडला होता. अजूनही वाळूत मणी सापडतात, आता ते पिवळट झालेत. माझी मुलगी ते गोळा करते. हे मणी मासे खातात का, आणि पिवळे झाले म्हणजे काय?

उत्तर : तुम्ही म्हणता ते जहाज म्हणजे २५ मे २०२५ ला कोचीजवळच्या समुद्रात बुडालेलं 'एमएससी एल्सा ३'. ते मणी म्हणजे प्लास्टिकचा कच्चा माल. याचीच मोठी आवृत्ती कोलंबोजवळ २०२१ मध्ये झाली होती. 'एक्स-प्रेस पर्ल' जहाजाला आग लागून सुमारे १,६८० टन मणी समुद्रात गेले होते, आणि त्यातले पुष्कळसे जळून, वितळून एकमेकांना चिकटलेले होते.

मासे हे मणी खातात, पक्षीही खातात. आकाराने ते माशांच्या अंड्यांच्या जवळ जातात. पिवळेपणा म्हणजे वरचा थर ऑक्सिडीकृत झाल्याची खूण. याचा आणखी एक अर्थ असा की मणी बराच काळ बाहेर आहे, आणि जितका काळ तो पाण्यात राहिला तितकी पाण्यातली तेलकट विषं त्याने ओढून घेतली. जपानमध्ये २००१ साली कोरे मणी समुद्रात ठेवून हे दाखवलं गेलं. पीसीबी (विजेच्या जुन्या उपकरणांतल्या तेलातलं रसायन) आणि डीडीटीपासून बनणारा डीडीई हे पदार्थ मण्यांत आजूबाजूच्या पाण्याच्या लाखो पट साठू शकतात. म्हणून पिवळा मणी पांढऱ्यापेक्षा आधी उचलावा.

मुलीला थांबवू नका. ती फार चांगलं काम करतेय. भरतीने जिथे काड्या-शेवाळाची रेघ ओढलेली असते तिथे सगळ्यात जास्त मणी असतात, तिथली कोरडी वाळू पिठाच्या चाळणीने चाळा. हातमोजे घालायचे, नंतर हात धुवायचे, आणि जळलेला, काळा, चिकट तुकडा दिसला तर तो तिने न उचलता तुम्ही उचलायचा.

प्रश्न : ताई, मालवणात राहतो. सुकट निवडताना आताशा निळे-हिरवे धागे सापडतात. मांदेली, सुकट, कालवं खायची की सोडायची?

उत्तर : खा. मांदेलीचं डोकं-पोट काढताच. सुकट आणि जवळा आपण अख्खाच खातो, म्हणून निवडून, दोन पाण्यांत धुऊन घ्या. कालवांचं पोट काढता येत नाही, ती स्वच्छ खाडीतली घ्यावीत, आणि हे तर प्लास्टिकचा प्रश्न नसता तरीही मी तुम्हाला सांगितलंच असतं. ताटातल्या माशातून येणाऱ्या प्लास्टिकने माणूस आजारी पडल्याचं आजवर दाखवलं गेलेलं नाही, आणि या माशांतून मिळणारं कॅल्शियम, प्रथिनं ही ठाम गोष्ट आहे.

पण ते धागे बघून मला तुमच्या ताटापेक्षा जवळ्याची चिंता वाटते. जवळा म्हणजे जेमतेम बोटाच्या पेराएवढा जीव. तुम्हाला दिसणारा धागा त्याच्या अंगाएवढा लांब आहे, तो त्याने खाल्लेला नाही, बरोबर जाळ्यात आलाय. न दिसणारे त्याच्या पोटात असतील. अंटार्क्टिकमधला क्रिल सूक्ष्म प्लास्टिक गिळून, पोटात दळून त्याहून बारीक करून बाहेर टाकतो, असं २०१८ मध्ये दिसलं. उन्हाने अर्धं काम केलेलं असतं, उरलेलं हे जीव करतात. आणि या जीवांवर बांगड्यापासून देवमाशापर्यंत सगळ्यांचं पोट चालतं.

प्रश्न : नाशिकला दुकानदार 'उन्हात आपोआप विघटन होणारी' पिशवी म्हणून देतात. ती वापरावी का?

उत्तर : नको. त्यात धातूंचे क्षार घालून ऊन आणि हवेचं काम वेगाने होईल असं केलेलं असतं, म्हणजे भुगा लवकर होतो. युरोपीय संघाने अशा ऑक्सो-विघटनशील प्लास्टिकच्या वस्तू जुलै २०२१ पासून बाजारात आणायला बंदी केली आहे. गोदावरीला लवकर होणारा भुगा काय कामाचा? कापडी पिशवी न्या.

प्रश्न : देवगड तालुक्यात शाळेत शिक्षक आहे. आठवी-नववीच्या मुलांना हे सगळं हाताने करून बघता येईल असा काही प्रयोग सांगाल?

उत्तर : नक्की, आणि खर्च काही नाही. चार वस्तू घ्या : पॉलिप्रॉपिलीनचा दोर, दुधाची धुतलेली पिशवी, सिमेंटच्या गोणीची पट्टी आणि ठिबकच्या काळ्या नळीचा तुकडा. प्रत्येकाचे तीन सारखे नमुने कापा. एक संच शाळेच्या गच्चीवर दक्षिणेकडच्या कठड्याला तारेने बांधा, एक कपाटात अंधारात ठेवा. तिसरा पाणी भरलेल्या काचेच्या बरणीत घालून गच्चीवरच ठेवा, बरणीचं तोंड फडक्याने बांधा. पावसाळा संपला की ऑक्टोबरात सुरुवात करा आणि मेपर्यंत चालवा.

दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मुलांनी प्रत्येक नमुना एकदाच मधोमध दुमडायचा, मग काळ्या कागदावर (काळ्या नळीसाठी पांढऱ्या) दोन बोटांत वीस वेळा चोळायचा आणि पडलेले कण भिंगाने मोजायचे. रंग, मोडतो का, धागे सुटतात का, हे वहीत लिहायचं. गोणीची पट्टी सगळ्यांत आधी उतरेल असा माझा अंदाज आहे, काळी नळी शेवटपर्यंत तशीच राहील. बरणीतला दोर कठड्यावरच्या दोरापेक्षा मागे राहील. मुलांना हे आधी सांगू नका, त्यांचा अंदाज त्यांना लिहू द्या. वर्गाच्या वहीतले आकडे मला पाठवलेत तर याच पानांवर छापू.

एक काळजी घ्या. नमुना कुरकुरीत झाला की त्याच्याखाली जुनी चादर पसरूनच चोळा. शेवटी कण, पट्ट्या, सगळं एका बरणीत घालून झाकण घट्ट लावा आणि पुढच्या वर्गाला दाखवायला ठेवा. गच्ची झाडून घ्या, धुऊ नका. तुमच्या गच्चीचं पाणी पन्हाळीतून खाली व्हाळात जातं.